नावं हरवलेला जमाव: इफिसच्या दंगलीचा उतारा कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमच्या तरुण संघात प्रेषितांची कृत्ये वाचायला घेतलं आहे. पुढच्या रविवारी 19 व्या अध्यायाचा शेवटचा भाग, वचनं 23 ते 41, मला घ्यायचा आहे. चिडलेला जमाव, दोन तासांच्या घोषणा, आणि शेवटी एक सरकारी माणूस येऊन सगळ्यांना घरी पाठवतो. पौल एक शब्द बोलत नाही, येशूचं नावही येत नाही. लोक नेमके कशावर चिडलेत, धर्मावरून की धंद्यावरून? आणि यातून शिकवायचं तरी काय?’

हा उतारा तुमच्या वाट्याला आला याचा मला मनापासून आनंद झाला. मी 28 वर्षं मंडळीत बायबल अभ्यासवर्ग घेते आहे आणि दर वेळी पाहते, की कृत्यांचं पुस्तक शिकवताना लोक या भागावरून भरभर पुढे जातात. तुरन्नाची पाठशाळा झाली, जादूच्या पुस्तकांची होळी झाली, की थेट 20 व्या अध्यायात मिलेतच्या निरोपाच्या भाषणावर उडी. मधली ही 19 वचनं म्हणजे नुसती हकिकत, असं धरून चालतात. या पुस्तकाचा लेखक लूक याने मात्र इथे हात आखडता घेतलेला नाही. पौलाची इफिसमधली दोन वर्षांहून जास्त काळाची सेवा त्याने काही ओळींत संपवली आणि एका दिवसाच्या या गोंधळाला एवढी जागा दिली. त्याला इथे काहीतरी दाखवायचं आहे.

वाचायला सुरुवात 23 व्या वचनापासून करू नका. आधी 32 वं वचन उघडा. काही जण एक ओरडत होते, काही जण भलतंच. सभेत नुसता गोंधळ माजला होता, आणि आपण कशासाठी जमलो आहोत हेच त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. हे वचन वर्गाला मोठ्याने वाचायला लावा आणि थांबा. बाकीचा उतारा या एका वाक्याभोवती उभा आहे. हजारो माणसं रागाने लाल झाली आहेत, आणि राग कशाचा ते त्यांना माहीत नाही. मग हा राग कुणाचा? तो इथपर्यंत आला कसा? या दोन प्रश्नांचा धागा हातात धरून मागे 23 कडे या.

त्यासाठी मी वर्गात एक साधी गोष्ट करून घेते. पेन्सिल घ्यायची आणि उताऱ्यात जिथे जिथे माणसाचं नाव येतं तिथे गोल करायचा. सुरुवातीला देमेत्रिय, अर्तमी देवीचे चांदीचे देव्हारे बनवणारा सोनार, नावानिशी. मग ‘कारागीर’. मग ‘सर्व शहर’. मग ‘बहुतेकांना’. आलेक्सांद्र येतो, पण पुढच्याच वचनात जमावाच्या लेखी तो फक्त ‘यहूदी’ उरतो. आणि शेवटी नगराचा चिटणीस उभा राहून म्हणतो, ‘देमेत्रियाचं आणि त्याच्याबरोबरच्या कारागिरांचं कुणाशी भांडण असेल तर…’ म्हणजे नाव परत आलं. एका नावापासून निघालेला राग निनावी होत जातो आणि एक शहाणा माणूस त्याला पुन्हा नावापाशी आणून उभा करतो. माझ्या मते उताऱ्याची चाल हीच आहे. तुमचा धर्म की धंदा हा प्रश्नही याच वाटेने सुटतो.

आता शहराकडे बघू, कारण इफिस डोळ्यांसमोर नसेल तर देमेत्रियाचं बोलणं पोकळ वाटतं. आजच्या तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ त्याचे अवशेष आहेत. रोमच्या आशिया प्रांतातलं हे सगळ्यात मोठं बंदर, आणि प्रांताचा रोमन अधिपती इथेच बसायचा. शहराबाहेर अर्तमीचं देऊळ होतं. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांत गणलेलं हे देऊळ 425 फूट लांब होतं आणि त्याला 127 खांब होते, असं रोमन लेखक थोरला प्लिनी नोंदवतो. इ.स.पू. 356 मध्ये ते जळालं आणि इफिसकरांनी ते पुन्हा उभं केलं. इथे नवस आणि सणच होते असं नाही. लोक आपला पैसा, ठेवी सुरक्षित राहाव्यात म्हणून या देवळात ठेवत. देऊळ ही शहराची तिजोरीही होती. यात्रेकरू, धर्मशाळा, मूर्तिकार, बंदरावरचे व्यापारी, सगळ्यांची चूल तिच्याशी जोडलेली. पंढरपूर किंवा तुळजापूर जवळून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.

आणि नाट्यगृह. हा शब्द ऐकून बंद सभागृह डोळ्यांसमोर आणू नका. डोंगराच्या उतारात कोरून काढलेल्या दगडी पायऱ्या, वर उघडं आकाश, पूर्ण बांधून झाल्यावर सुमारे 24 हजार माणसं बसतील एवढी जागा. शहराची अधिकृत सभाही इथेच भरत असे. जॉन टर्टल वुड हा इंग्रज 1863 पासून अर्तमीचं देऊळ शोधत होता. त्याला वाट सापडली ती याच नाट्यगृहातल्या एका शिलालेखामुळे. इ.स. 104 मध्ये सालुतारिस नावाच्या धनिकाने अर्तमीच्या सोन्याचांदीच्या मूर्ती दान केल्या. त्या मिरवणुकीने कुठून कुठे न्यायच्या, हे त्या लेखात कोरलं होतं. त्या मार्गाचा माग काढत 1869 च्या अखेरीस वुड देवळाच्या पायापर्यंत पोचला. म्हणजे पौलानंतर अर्धशतकानेही अर्तमीची चांदी याच नाट्यगृहात वाजतगाजत येत होती. ‘तुमच्या धंद्याची हानी होणार’ असं देमेत्रिय म्हणतो तेव्हा हा सगळा डोलारा त्याच्या मागे आहे.

त्याचं भाषण नीट बघा. तीनच वचनं आहेत, 25 ते 27, पण रचना पक्क्या व्यापाऱ्याची आहे. सुरुवात: गड्यांनो, आपली भरभराट या धंद्यावर आहे हे तुम्हाला माहीत आहे. मग: हा पौल हातांनी केलेले देव हे देवच नव्हत असं सांगून लोकांना फिरवतो आहे. मग: आपल्या धंद्याला बट्टा लागेल. मग: देवळाची पत जाईल. आणि शेवटी: जिला सगळा आशिया आणि सगळं जग भजतं तिचं वैभव लयाला जाईल. पोटापासून निघून देवीपर्यंत. हा क्रम फळ्यावर लिहा. आणि त्याखाली 28 वं वचन लिहा: लोक ओरडतात ते ‘आमचा धंदा वाचवा’ असं नव्हे, ‘इफिसकरांची अर्तमी थोर!’ असं. पहिली पायरी गळून पडली आणि शेवटचीच तेवढी रस्त्यावर आली. जे दुकानात बोललं गेलं ते चौकात बोलता येत नाही. चौकात सगळ्यांना आपलं वाटेल असंच काहीतरी लागतं.

लूकची शब्दकळाही इथे बोलकी आहे. मूळ ग्रीकमध्ये 23 व्या वचनात तो म्हणतो, त्या मार्गावरून, म्हणजे ख्रिस्ती विश्वासावरून, ‘थोडाथोडका नव्हे’ असा गोंधळ उडाला. आणि लगेच 24 मध्ये, देमेत्रिय कारागिरांना ‘थोडाथोडका नव्हे’ असा धंदा मिळवून देत असे. तोच शब्दप्रयोग, लागोपाठ. बोट न दाखवता त्याने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. धंद्यासाठी वापरलेला ‘एर्गासिया’ हा शब्दही त्याने आधी एकदा असाच वापरला आहे, 16 व्या अध्यायात, फिलिप्पैच्या त्या दासीच्या गोष्टीत. पौलाने तिच्यातला भविष्य सांगणारा आत्मा काढला, धन्यांच्या कमाईची आशा निघून गेली, आणि धनी अधिकाऱ्यांपुढे जाऊन काय म्हणाले? ‘आमची कमाई बुडाली’ असं नाही. ‘हे यहूदी आहेत आणि आमच्या रोमी रीतीभाती मोडतात’ असं. दोन्ही उतारे शेजारी वाचून घ्या; एवढं केलंत तरी अर्धं काम झालं.

पण म्हणून देमेत्रियाला ढोंगी ठरवून मोकळे होऊ नका. हा माझा आग्रह आहे, आणि सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः हीच चूक करत होते. तो देवीला मानत नव्हता असं लूक कुठेही म्हणत नाही. माणसाची श्रद्धा आणि माणसाची भाकरी एकाच भट्टीत तापत असतील तर त्यांना वेगळं करणं त्याचं त्यालाही जमत नाही. त्याच्याकडचे कारागीर हातावर पोट असलेली माणसं असणार. काम थांबेल ही भीती खरी होती. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: सुरुवात धंद्याच्या भीतीतून झाली, भाषा धर्माची मिळाली, आणि नाट्यगृहात पोचेपर्यंत दोन्हीही मागे पडून नुसता आवाज उरला. वर्गात ‘धर्म की पैसा’ असा वाद रंगला तर रंगू द्या, पण त्यांना 32 व्या वचनाकडे परत आणा. तिथे जमलेल्यांपैकी बहुतेकांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथेच बघायला हवी: पौलाने आणि विश्वासणाऱ्यांनी नेमकं काय केलं होतं, आणि काय केलं नव्हतं. 19 व्या वचनात 50 हजार रुप्याच्या नाण्यांच्या किमतीची जादूची पुस्तकं जाळली जातात. मजुराची दिवसाची मजुरी सुमारे एक नाणं, यावरून किमतीचा अंदाज करा. पण कुणाची पुस्तकं? ज्यांनी जाळली त्यांची स्वतःची. कुणाच्या घरात घुसून काही आणलेलं नाही, कुणाचं दुकान फोडलेलं नाही, देवळावर मोर्चा नेलेला नाही. पौल पाठशाळेत रोज बोलत होता, लोक ऐकत होते, आणि ऐकून काहींनी देव्हारे विकत घेणं सोडलं असावं. देमेत्रियाच्या तक्रारीचा अर्थ तोच निघतो. 37 व्या वचनात शहराचा चिटणीस, जो ख्रिस्ती नाही, भर सभेत साक्ष देतो: या माणसांनी देवळं लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केली नाही.

या साक्षीपाशी मराठी ख्रिस्ती माणसाने थांबावं असं मला फार वाटतं. आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्या शेजाऱ्यांबरोबर राहतो त्यांच्या घरी देव्हारा आहे. हा उतारा घेऊन शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यावर तोंडसुख घेणारी प्रवचनं मी ऐकली आहेत, आणि ऐकताना मान खाली गेली आहे. पौल मूर्तीविषयी काय मानत होता ते लपलेलं नाही. देमेत्रियाने ते जवळपास बरोबरच सांगितलं. तरीही परधर्मी अधिकारी शपथेवर सांगावं तसं सांगतो, की यांनी निंदा केली नाही. दोन-तीन वर्षं एका शहरात राहून आपलं म्हणणं ठामपणे मांडायचं आणि तरी अशी साक्ष मिळवायची, हे त्या मंडळीचं खरं काम होतं. तुमच्या तरुण संघाला विचारा, आपल्या गल्लीतला माणूस आपल्याविषयी असं म्हणेल का?

आता धावपळ. 29 व्या वचनात शहर गोंधळाने भरून जातं आणि लोक गायस आणि अरिस्तार्ख यांना ओढत नाट्यगृहात नेतात. हे दोघे मासेदोनियाचे, पौलाचे सोबती. पौल हाती लागला नाही म्हणून जे सापडले ते. इथे एक शब्द दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोक ‘एकदिलाने’ धावले असं लूक म्हणतो, आणि ग्रीकमध्ये हा तोच शब्द आहे जो त्याने पहिल्या अध्यायात शिष्यांच्या प्रार्थनेसाठी वापरला आहे: ते एकचित्ताने प्रार्थना करत होते. सातव्या अध्यायात स्तेफनाला, पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याला, मारायला धावून जाणाऱ्यांसाठीही तोच शब्द. एकी दोन्हीकडे आहे. आमच्याकडे कुणी ‘पण सगळ्यांचं एकमत होतं ना’ असं म्हणालं, की मला ही तीन वचनं आठवतात.

पौल काय करतो? तो जमावात जायला निघतो. शिष्य त्याला जाऊ देत नाहीत. प्रांतातले काही बडे अधिकारी, जे त्याचे मित्र होते, तेही निरोप पाठवतात: नाट्यगृहात जायचं धाडस करू नकोस. पौल ऐकतो. तुम्ही लिहिलंत, पौल एक शब्दही बोलत नाही. खरं आहे, आणि लूकला ते सांगताना कमीपणा वाटलेला नाही. आपल्या दोन माणसांना फरफटत नेलं आहे आणि आपण बाहेर उभं राहायचं, हे पौलासारख्या माणसाला किती जड गेलं असेल! करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो लिहितो, की आशियात आमच्यावर असं संकट आलं की जगण्याचीही आशा राहिली नाही. ते हेच संकट होतं असं ठामपणे म्हणू नका. लूक आणि पौल दोघेही तसं जोडून सांगत नाहीत. पण इफिसमधले दिवस सोपे नव्हते एवढं त्यावरून कळतं. इथे वर्गाला विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे: पुढाऱ्याला ‘नाही’ म्हणणारी मंडळी आपल्याकडे आहे का, आणि तिचं ऐकणारा पुढारी?

मग येतो आलेक्सांद्र, आणि इथे घाई करू नका. मला विचाराल तर हा उताऱ्यातला सगळ्यात दुखरा भाग आहे.

यहूदी लोक त्याला पुढे करतात. का, ते लूक उघड सांगत नाही, पण अंदाज कठीण नाही. यहूदीही अर्तमीला भजत नव्हते. पौल स्वतः यहूदी. चिडलेल्या जमावाला पौल आणि बाकीचे यहूदी यांतला फरक कळणार नाही, आणि उद्या आपल्या घरांवर दगड येतील, ही भीती त्या समाजाला असणार. म्हणून आपली बाजू मांडायला त्यांनी एक माणूस पुढे केला. तो हाताने खुणावतो. त्याला समर्थनाचं भाषण करायचं आहे. आणि तो यहूदी आहे हे लक्षात येताच सगळे एका आवाजात, सुमारे दोन तास: ‘इफिसकरांची अर्तमी थोर!’

तोवर काही जण एक ओरडत होते, काही दुसरं. एका आवाजात ओरडायला त्यांना आलेक्सांद्र सापडावा लागला. त्याने काहीही केलेलं नाही. तो पौलाच्या बाजूचा आहे की विरोधातला, हेही कुणी विचारलेलं नाही. वेगळा आहे, एवढंच पुरलं. यहूदी म्हणून माणसाला गप्प करण्याचा जो लांब आणि रक्ताळलेला इतिहास पुढे घडला, त्यात ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचाही हात होता. म्हणून इथे आपण आलेक्सांद्राच्या शेजारी उभं राहून वाचायला हवं. नव्या करारातल्या पत्रांमध्ये दुसरे आलेक्सांद्र येतात, त्यांच्याशी याची गाठ मारू नका. नाव त्या काळात घरोघरी होतं.

एका शिबिरात मी हा भाग करून घेतला होता. 40 मुलं-मुली. एक मुलगी आलेक्सांद्र झाली, तिला मी आधी सांगितलं होतं की दोन वाक्यं तयार ठेव आणि काही झालं तरी ती बोल. बाकीच्यांनी दोन तास नव्हे, दोनच मिनिटं घोषणा द्यायची. पहिल्या अर्ध्या मिनिटात हसणं-खिदळणं चाललं होतं. मग ताल बसला. टाळ्या सुरू झाल्या, मागची मुलं बाकांवर उभी राहिली. मी हात वर केला तरी थांबायला वेळ लागला. त्या मुलीला नंतर विचारलं, तुला काय म्हणायचं होतं? ती म्हणाली, ‘बाई, तुम्ही सांगितलेली वाक्यं मला आठवेचनात. मला नुसतं खाली बसावंसं वाटत होतं.’ आणि मागच्या बाकावरच्या एका शांत मुलाने स्वतःहून सांगितलं, की ओरडताना छान वाटत होतं. त्याच्या त्या प्रामाणिकपणाबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. त्याच शिबिरात कुणीतरी राईनपाड्याचा विषय काढला. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात मुलं पळवणारी टोळी आली अशा अफवेवरून जमावाने पाच भटक्या गोसाव्यांना मारून टाकलं. अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्या मारणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत होतं, आपण कुणाला मारतो आहोत? बराच वेळ कुणी बोललं नाही. तुम्ही हा प्रयोग केलात तर नंतर बोलायला पुरेसा वेळ ठेवा. मुलांना तसंच उठून चहाला पाठवू नका.

आता चिटणीस. मूळ शब्द ‘ग्राम्मातेउस’, शब्दशः लेखनिक. पण हा कारकून नव्हे. सभेचे ठराव लिहिणारा, ते अंमलात आणणारा, रोमन अधिपतीशी शहराच्या वतीने बोलणारा इफिसचा सगळ्यात वजनदार स्थानिक अधिकारी. त्याला लूकने सहा वचनं दिली आहेत, देमेत्रियाच्या दुप्पट. आणि त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. तो आधी जमावाला जे प्रिय आहे ते मान्य करतो: इफिस ही अर्तमीच्या देवळाची आणि आकाशातून पडलेल्या मूर्तीची राखणदार नगरी, हे कोण नाकारतो? ‘आकाशातून पडलेली’ हे तो सहज बोललेला नाही. तक्रार काय होती? पौल हातांनी केलेल्या देवांविरुद्ध बोलतो. मूर्ती आकाशातून पडलेली असेल तर ती हातांनी केलेली नाही, मग पौलाचं बोलणं तुम्हाला लागू कुठे होतं? वाद न घालता त्याने त्यातली हवा काढली. मग तो सांगतो, उतावळेपणाने काही करू नका. मग साक्ष देतो: ही माणसं गुन्हेगार नाहीत. मग देमेत्रियाचं नाव घेतो. न्यायालयाचे दिवस आहेत, अधिपती आहेत, फिर्याद करा. आणखी काही हवं असेल तर ते कायदेशीर सभेत ठरेल.

आणि सगळ्यात शेवटी भीती दाखवतो: आजच्या दंगलीबद्दल आपल्यावरच आरोप येईल, आणि द्यायला आपल्याजवळ काही कारण नाही. ही भीती पोकळ नव्हती. रोमला प्रांतांतल्या जमावांचं वावडं होतं. पुढे इ.स. 110 च्या सुमारास निकोमेदिया शहरात मोठी आग लागली, तेव्हा तिथला अधिपती धाकटा प्लिनी याने 150 माणसांचं आग विझवणारं पथक करू का, असं सम्राट त्राजानाला विचारलं. सम्राटाने नकार दिला, कारण अशा मंडळ्यांचे पुढे राजकीय गट होतात. आग विझवणारे जमलेले ज्यांना चालत नव्हते, त्यांना हजारो माणसांचा बिनकारणाचा दोन तासांचा आरडाओरडा कसा चालला असता?

‘मग देव कुठे आहे?’ असं तुम्हाला कुणीतरी विचारेलच. माझं मत सांगते. इथे तुरुंगाची दारं उघडत नाहीत, भूकंप होत नाही. गायस आणि अरिस्तार्ख यांचा जीव वाचतो तो एका परधर्मी अधिकाऱ्याच्या थंड डोक्यामुळे आणि चालू असलेल्या न्यायालयांमुळे. कृत्यांच्या लेखकाला चमत्कार सांगता येत नाहीत असं नाही. त्याच अध्यायात त्याने ते सांगितले आहेत. इथे त्याने चिटणीस दाखवला. देव अशा माणसाकडूनही आपल्या लोकांना राखतो, हे मानायला मला अडचण वाटत नाही. पण चिटणीसाला संत करू नका. त्याला पौलाची नव्हे, शहराची काळजी आहे, आणि आलेक्सांद्रविषयी तो एक शब्दही काढत नाही.

एक धोका टाळा. हा उतारा ‘ते’ आणि ‘आपण’ असा वाचला जाऊ शकतो: मूर्ती पुजणारे पिसाळतात, देवाचे लोक शांत असतात. लूक स्वतःच ही वाट बंद करतो. 21 व्या अध्यायात यरुशलेमेच्या मंदिरात, एकाच देवाला भजणाऱ्या धर्मनिष्ठ माणसांत, हुबेहूब हेच घडतं. आशियातून आलेल्या यहूद्यांनी पौलाबरोबर शहरात त्रफिम नावाच्या यहूदी नसलेल्या माणसाला पाहिलेलं असतं, आणि अशांना मनाई असलेल्या मंदिरात पौलाने त्याला आणलं असेल असं त्यांना ‘वाटतं’. तेवढ्यावर सगळं शहर खवळतं. कुणी एक ओरडतं, कुणी दुसरं. रोमन सरदाराला गलबल्यामुळे खरं काय ते कळतच नाही. आणि तो त्रफिम कुठला? इफिसचा. लूकच्या शुभवर्तमानात नासरेथच्या सभास्थानातले लोक येशूच्या बोलण्याचं नवल करता करता काही वचनांत त्याला कड्यावरून लोटायला निघतात. आणि पिलातापुढचा समुदाय तर तुम्हाला सांगायलाच नको.

मराठीत वाचताना एक गोष्ट हातून निसटते, ती मुद्दाम दाखवा. 32, 39 आणि 41 या वचनांत ज्याला आपण ‘सभा’ वाचतो, तो मूळ शब्द ‘एक्लेसिया’ आहे. हाच शब्द इतर ठिकाणी आपण ‘मंडळी’ असा वाचतो: इफिस येथील मंडळी, करिंथ येथील मंडळी. गोंधळलेली, आपण का जमलो हे ठाऊक नसलेली ती गर्दीही एक्लेसिया, आणि आपणही एक्लेसिया. वार्षिक सभेत आवाज चढतात तेव्हा मला 32 वं वचन मनातल्या मनात वाचायची सवय लागली आहे.

वेळेचं सांगायचं तर एका तासात सगळं बसवायचा प्रयत्न करू नका. नावांना गोल करणं, देमेत्रियाचं भाषण आणि आलेक्सांद्र, एवढं झालं तरी पुष्कळ. शहराची माहिती पाच मिनिटांत द्या. आणि अभ्यास 41 व्या वचनावर थांबवू नका. चिटणीसाने एक्लेसिया विसर्जित केली. पुढचंच वाक्य, 20 व्या अध्यायाचं पहिलं, सांगतं की गलबला शमल्यावर पौलाने शिष्यांना बोलावून घेतलं, त्यांना धीर दिला, निरोप घेतला आणि तो मासेदोनियाला निघाला. चौथ्या वचनात त्याच्याबरोबर कोण होते त्यांची यादी आहे. बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आशियाचे तुखिक आणि त्रफिम. हा गायस दर्बेचा आहे, नाट्यगृहातला मासेदोनियाचा. दोघांना एक समजू नका. पण अरिस्तार्ख तोच आहे, जमावाने फरफटत नेलेला, आणि 27 व्या अध्यायात पौल कैदी होऊन रोमला निघतो तेव्हाही तो त्याच जहाजावर आहे. ही यादी वर्गातल्या कुणाला तरी सावकाश, एकेक नाव आणि एकेक गाव थांबून, मोठ्याने वाचायला सांगा, आणि ती वाचून झाली की मग प्रार्थना करा.